तेओपिस्ताचे तळहात

पेर्पेतुआ नास्सुना आमच्या शाळेत दुसरीला शिकवते आणि मी तिसरीला. आमच्या वर्गांमधली भिंत खांद्याएवढीच आहे. वरची बांधायची राहिली, ती गेली अकरा वर्षं राहिलीच आहे. त्यामुळे तिच्या वर्गात काय चाललंय ते मला ऐकू येतं आणि माझ्या वर्गात काय चालत नाही ते तिला ऐकू येतं. मुलांना वाचायला लावून मी जरा डोळे मिटले की पलीकडून आवाज येतोच, "वालुगेंबे मास्टर, तुमची मुलं आज फारच शांत आहेत हो!"

शांत वर्गाचा तिला संशय येतो. गोंगाट करणाऱ्या वर्गाचाही येतो. पोट दुखतंय म्हणणाऱ्याची ती आधी जीभ बघते, मग खिसे. शाळेमागच्या झाडाचा फणस कुणी उतरवला हे बोटांना लागलेल्या चिकावरून ओळखते. हजेरी घेताना 'हजर' म्हणणाऱ्याकडे बघतच नाही, त्याच्या शेजारच्याकडे बघते, कारण खोटी हजेरी देणारा तोंड सरळ ठेवतो आणि शेजारी हसतो. कुणा आईनं प्रेमानं अवोकाडो आणून दिला तर विचारते, "का गं, कोण नापास होणार आहे?" आणि मग तो अवोकाडो खातेही. हे असं ती एकशे बारा मुलांच्या वर्गात, एकोणीस बाकांवर, रोज करते, आणि चार वाजता घसा बसलेला असतो तरी पाच तरी पोरांची चोरी पकडल्याशिवाय घरी जात नाही.

मला ती फारशी आवडत नसे. खरं सांगायचं तर मलाही तिचा संशय होता. तिच्याकडे निळ्या पाठीची एक वही होती. वर्ग लिहायला लागला की ती वही उघडायची, काहीतरी टिपायची आणि मग भिंतीवरून माझ्याकडे बघायची. मी दुपारी शाळेच्या खिरीचे दोन पेले पितो, कधी उशिरा येतो, हे सगळं त्यात उतरत असणार आणि एक दिवस हेडमास्तरांच्या टेबलावर पडणार, अशी माझी खात्रीच होती.

एकदा पत्र्यावर असा पाऊस कोसळला की शिकवणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघं भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभे होतो. मी चिडवलं, "मॅडम, तुमचा देवावर तरी विश्वास आहे का?"

ती हसली नाही. म्हणाली, "मसाका गावच्या शाळेत होते तेव्हा माझ्या वर्गात रोझ नावाची मुलगी होती. एक माणूस आला. शर्ट स्वच्छ, बोलणं गोड. म्हणाला, मी हिचा काका, घरी न्यायला आलोय. मी मुलीला विचारलं. तीही म्हणाली, काका. मी जाऊ दिलं. संध्याकाळी तिची आई आली."

"मग?"

"मग काही नाही. ती मुलगी सापडलीच नाही. शहरात कुणाच्या तरी घरी राबत असेल, नाहीतर नसेलही. मुलगी स्वतः काका म्हणाली होती, मास्टर. तेव्हापासून मी मुलीचंही ऐकत नाही."

त्यानंतर मी तिला चिडवणं कमी केलं. पण वहीचा माझा संशय काही गेला नाही.

दुसऱ्या सत्रात पलीकडून एकच नाव सारखं ऐकू यायला लागलं. तेओपिस्ता. दगडखाणीकडून येणारी, आठेक वर्षांची, काटकुळी मुलगी. आई खडी फोडते, बाप नाही, एवढीच माहिती. सोमवारी पेर्पेतुआनं हातच्याची बेरीज शिकवली आणि तेओपिस्तानं ती फळ्यावर पटापट करून दाखवली. मंगळवारी तीच बेरीज दिली तर मुलगी हातचा काय असतो हेच विसरलेली. बुधवारी पुन्हा येत होती. मंगळवारी पेर्पेतुआनं सांगितलेली सशाची गोष्ट बुधवारी तिला नीट सांगता येईना. गुरुवारी मात्र तिनं ती सशाच्या आवाजासकट सांगितली.

"ढोंग आहे," पेर्पेतुआ म्हणाली.

"आठ वर्षांची मुलगी बेरीज येत नसल्याचं ढोंग कशाला करेल? येतंय असं ढोंग आपण करतो," मी म्हणालो.

"तेच तर मला कळत नाही. कळलं असतं तर लिहिलं असतं का?"

मी म्हणालो, अंगात काही येत असेल मुलीच्या. एक दिवस असते, एक दिवस नसते. पेर्पेतुआनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझ्या तिसरीच्या मुलांची कीव आली.

मग ते पुस्तकाचं प्रकरण झालं. शाळेत दुसरीसाठी वाचनाची चित्रांची पुस्तकं आहेत सात. पेर्पेतुआ ती घरी कुणालाच देत नाही, कारण घरी गेलेल्या पुस्तकाची पानं चूल पेटवायला जातात असा तिला संशय. पण त्या गुरुवारी तेओपिस्तानं इतकं छान वाचलं की बाईंना राहवलं नाही. एक पुस्तक तिच्या हातात दिलं आणि दरडावलं, "एक रात्र. उद्या सकाळी परत."

शुक्रवारी सकाळी तेओपिस्ता आली, रिकाम्या हातानं.

"पुस्तक?"

मुलगी रीतीप्रमाणे गुडघे टेकून बसली होती. वर बघत म्हणाली, "कुठलं पुस्तक, मॅडम?"

"काल दिलं ते."

"तुम्ही मला पुस्तक दिलं नाही, मॅडम."

सगळ्या वर्गासमोर दिलेलं पुस्तक! मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. पेर्पेतुआनं तीनदा विचारलं आणि तीनदा मुलीनं तेच उत्तर दिलं, डोळे न मिचकावता. छडी मारायला सरकारची मनाई आहे, हे आम्हाला माहीत आहे, आणि कपाटामागे छडी कुठे असते तेही माहीत आहे. पेर्पेतुआ सहसा मारत नाही. त्या दिवशी मारलं. उजव्या तळहातावर तीन. आवाज असा आला की माझी तिसरी दचकली. मुलगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी खोटं बोलले नाही, मॅडम."

पेर्पेतुआ इतकी संतापली होती की मधल्या सुट्टीत तिनं हेडमास्तरांना लेखी तक्रार दिली: ही मुलगी सराईत खोटं बोलते, शाळेचं पुस्तक गायब केलं आहे. हेडमास्तर म्हणाले, "ह्या आठवड्याभरात तिची आई येऊन खुलासा देते का बघा. नाहीतर नाव कापा. आपल्याला काय, बाकावरची एक जागा मोकळी होईल."

सोमवारी हजेरीच्या आधीच तेओपिस्ता पेर्पेतुआच्या टेबलापाशी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी पुस्तक पुढं केलं. "मॅडम, माफ करा. माझ्याकडेच होतं."

पेर्पेतुआनं पुस्तक घेतलं. पानं मोजली. मग म्हणाली, "हात दाखव."

"कुठला, मॅडम?"

"दोन्ही."

थोड्या वेळानं भिंतीवरून तिचा चेहरा दिसला. रंग उतरलेला होता. "मास्टर, शुक्रवारी मी किती जोरात मारलं होतं?"

"जोरात म्हणजे! माझी मुलं अर्धा तास सरळ बसली होती."

"मग जरा इकडे या."

मी गेलो. मुलीचे तळहात उलटेपालटे करून पाहिले. बोटांच्या मुळाशी जुने घट्टे होते, नखांत दगडाची भुकटी होती. पण वळ नव्हते. तीन दिवसांत असे वळ पुसले जात नाहीत, मार खाल्लेला माणूस म्हणून मी सांगतो. उजवा हात स्वच्छ, डावाही स्वच्छ.

"रागाच्या भरात टेबलावर मारलं असेल तुम्ही," मी म्हणालो.

"मास्टर, माझ्या हाताला माहीत आहे मी कुठं मारलं." ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती मुलीकडे. आणि मुलगी बघत होती जमिनीकडे. मला पहिल्यांदाच भीती वाटली, उगाच कशाला लपवू.

दुपारी, खिरीच्या सुट्टीत, खाणीकडून एक पोरगा धापा टाकत आला. सहाएक वर्षांचा, डोक्यापासून पायापर्यंत भुकटीनं पांढरा. दारातच ओरडला, "ताई, चल! आईच्या बोटावर हातोडी पडली!"

तेओपिस्ता उठली. पेर्पेतुआनं हात आडवा केला. ती कुणालाच सहज जाऊ देत नाही. "थांब. तू कोण रे?"

"तिचा भाऊ."

"नाव काय?"

"किझ्झा."

पेर्पेतुआच्या हातातला पेला तसाच राहिला. माझाही. आमच्याकडे किझ्झा हे नाव कुणी आवडलं म्हणून ठेवत नाही. आईला जुळं झालं, की त्यानंतर जे मूल येतं ते किझ्झा. आधी जुळं नसेल तर किझ्झा नाही. जग इकडचं तिकडे झालं तरी नाही.

"किझ्झा," पेर्पेतुआ हळूच म्हणाली, "तुला बहिणी किती?"

पोरगा तोंड उघडणार तेवढ्यात तेओपिस्तानं त्याचा दंड धरला आणि दोघं पळत सुटली. पेर्पेतुआ वर्गाकडे वळली. एकशे अकरा मुलं एकदम खाली बघायला लागली. तिच्या वर्गात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"सगळ्यांना माहीत होतं," ती मला म्हणाली. "फणसाचा चीक ओळखणारी मी, आणि दोन सत्रं सगळ्या वर्गानं मला गाढव बनवलं!"

चार वाजता ती खाणीकडे निघाली आणि मला म्हणाली, चला. मी नको म्हणणार होतो, पण तिच्या काखेत ती निळी वही होती आणि तिच्यात काय आहे हे एकदा बघायचंच होतं. वाटेत ती एकच गोष्ट बोलत राहिली. "दुसरी मुलगी कुठंय, मास्टर? एक दाखवते आणि एक लपवते, ती बाई दुसरीचं काय करते? मी बघितलंय जगात काय काय होतं ते."

"मॅडम, दोघी आलटून पालटून येतात, एवढंच असेल."

"एवढंच असेल, असंच मी मसाकालाही म्हटलं होतं."

खाणीत मुलांच्या आया ओळीनं बसलेल्या असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर पपायरसच्या चटईचं छप्पर, समोर खडीचा ढीग. तेओपिस्ताची आई रेजिना तिशीचीही नसेल. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, तिच्यातून रक्त आलेलं, आणि तरी उजव्या हातानं हातोडी चालूच. आम्हाला बघून ती गुडघ्यावर आली.

"न्याबो, बाई, तुला मुली किती?" पेर्पेतुआनं नमस्कारालाही वेळ दिला नाही.

"एक, मॅडम. तेओपिस्ता."

"आणि मुलगा किझ्झा. कुणाच्या पाठीवरचा किझ्झा?"

रेजिना अंगठ्याची चिंधी आवळत राहिली.

"दुसरी कुठं आहे? शहरात धाडलीस? कुणाच्या घरी भांडी घासायला दिलीस? बोल, नाहीतर मी पोलिसांत जाते."

ती बाई ताडकन उठली. "जीभ झडेल तुमची! माझ्या पोरीला मी विकेन?" आणि ढिगाकडे वळून ओरडली, "नाकाटो! ये इकडे. ये गं, संपलं आता लपणं."

ढिगामागून तेओपिस्ता आली. म्हणजे तेओपिस्ता तर आईशेजारी गणवेशात उभी होती. ही तशीच दुसरी, फाटक्या झग्यात, हातात छोटी हातोडी. पेर्पेतुआनं तिचा उजवा हात हातात घेतला आणि उलटा केला. तीन वळ, आता जांभळे पडलेले. त्याच हातानं ती दिवसभर दगड फोडत होती.

पेर्पेतुआ खाली खडीवरच बसली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मोठी बाबिर्ये, धाकटी नाकाटो. "पण लपवायचं कशाला?" मी विचारलं. "जुळ्यांच्या आईला तर लोक मान देतात. नालोंगो म्हणून हाक मारतात."

"मी नालोंगो नाही, मास्टर. नालोंगो म्हणवून घ्यायला जुळ्यांचा नाच व्हावा लागतो, तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांच्या बापानं आधी नाच लांबवला, मग किझ्झा पोटात असताना तो पळालाच. त्याच्या कुळानं दार लावलं. नाच न झालेल्या जुळ्या घेऊन मी कुणाच्या अंगणात उभी राहू? लोक पोरींना बघून वाट सोडायचे. म्हणून इथं आले आणि एकच मुलगी सांगितली."

"मग एकीलाच पाठवायचं होतंस शाळेत!" पेर्पेतुआ म्हणाली.

रेजिनानं तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "मास्टर, ह्या मॅडम आपल्यातल्याच ना?"

मलाही लाज वाटली. जुळ्यांपैकी एकीला दिलं आणि दुसरीला नाही दिलं, असं आमच्यात कुणी करत नाही. ज्याला डावललं त्या जुळ्याचा राग नुसता राग राहत नाही, माणसाचं अंग भाजतं, कातडी सुटते. कुणी मानो न मानो, पण केळ्याचे सुद्धा दोन सारखे तुकडे करतात. आणि रागात माणूस काहीही बोलून जातो, पेर्पेतुआही तसंच बोलून गेली होती.

"गणवेश एक जमला," रेजिना म्हणाली. "वही एक. म्हणून दिवस वाटले. ह्या आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार एकीचे आणि मधले दुसरीचे. पुढच्या आठवड्यात उलट. दोन आठवड्यांत पाच-पाच दिवस. शाळेत जाणारीनं रात्री घरी राहिलेलीला शिकवायचं. पण दिवसभर दगड फोडलेलं पोर किती जागणार?"

"आणि तेओपिस्ता कोण?"

"माझी आई. दोघींतल्या कुणाचंही नाव घातलं असतं तरी दुसरीवर अन्याय झाला असता."

पेर्पेतुआनं निळी वही उघडली. मी मान लांब करून बघितलं. माझं नाव कुठंही नव्हतं. खिरीचे पेलेही नव्हते. पानंच्या पानं फक्त मुलं: कोण डाव्या हातानं लिहितं, कुणाला फळा दिसत नाही, कोण सकाळी उपाशी येतं. शेवटच्या चार पानांवर तेओपिस्ताचे वार. सगळे वार जुळत होते. मला इतकं वाईट वाटलं की मी वही मिटेपर्यंत दुसरीकडे बघत राहिलो.

"गुरुवारी पुस्तक कुणाला दिलं मी?" पेर्पेतुआनं विचारलं.

"मला," बाबिर्ये म्हणाली.

"मग हिला का सांगितलं नाहीस?"

बाबिर्येनं पायानं खडी उकरली. मग पुटपुटली, "त्यात चित्रं होती. एक रात्र मला ते एकटीला पाहिजे होतं. मी खडीत लपवलं."

रेजिनानं कपाळावर हात मारला. नाकाटोनं बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दोघींमध्ये ही गोष्ट आधीच बोलून झाली होती आणि मिटली नव्हती, हे कुणालाही दिसलं असतं.

परतताना पेर्पेतुआ अर्धा रस्ता माझ्या पुढं पुढं चालत होती. मग म्हणाली, "खरं बोलणाऱ्या मुलीला मारलं मी."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"माहीत नसताना मारलं. तेच म्हणतेय."

आता इथं मी मनातलं सांगतो, मला शोभत नसलं तरी. मला संशय होता की ती सकाळी हेडमास्तरांकडे जाईल आणि नाव कापून घेईल. तिची लेखी तक्रार तिथं पडली होती. खरं सांगायचं तर मारलं तेही सांगावं लागणार, दोन सत्रं फसलो तेही. त्यापेक्षा एका नावावर लाल रेघ मारणं सोपं. दोन्ही मुली कायमच्या खडीवर बसल्या असत्या आणि कुणी विचारलंही नसतं. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, ह्याची मला फार खात्री नाही.

म्हणून मंगळवारी ती ऑफिसात शिरली तेव्हा मी खडू मागायच्या निमित्तानं खिडकीखाली उभा राहिलो.

"एका नावावर दोन मुली?" हेडमास्तर ओरडले. "ही सरकारची हजेरी आहे, मॅडम, बाजार नाही! आणि दुसरीला गणवेश कुठंय? गणवेशाशिवाय मी कुणाला आत घेत नाही. एकीचं नाव ठेवा, दुसरीला पुढच्या वर्षी बघू."

"कुठल्या एकीचं, सालोंगो?"

आमचे हेडमास्तर स्वतः जुळ्यांचे बाप. त्यांना अख्खा गाव नावानं हाक मारत नाही, सालोंगोच म्हणतो. त्यांची दोन्ही पोरं आता मोठी झालीत, पण लग्नाचे कोट अजून एकाच कापडाचे शिवतात.

"मी असल्या गोष्टी मानत नाही," ते म्हणाले. "मी चर्चला जातो."

"मीही जाते. म्हणून विचारते, कुठल्या एकीचं नाव कापू? तुम्ही बोट दाखवा, मी रेघ मारते. माझी सही नको, तुमची करा."

खुर्ची करकरली. मी हळूच डोकावलो तर सालोंगो आपला कोपर खाजवत होते.

"तक्रारीचं काय?" ते जरा वेळानं म्हणाले.

"तक्रार खोटी. मी लिहून देते तसं. छडी मारली तेही लिहून देते."

"छडीचं नका लिहू!" ते घाईनं म्हणाले. "सत्र संपेपर्यंत बसू द्या दोघींना. दुसरा गणवेश तेवढ्यात झाला पाहिजे. आणि आधी खिडकीखालच्या माणसाला खडू द्या."

गुरुवारी दोघी आल्या. एकच गणवेश होता, त्याचं रेजिनानं काय केलं असेल? झगा बाबिर्येच्या अंगावर होता, पण त्याची पांढरी कॉलर आणि पट्टा उसवून तिनं ते नाकाटोच्या जुन्या झग्यावर शिवले होते. त्यामुळे दोघींचेही कपडे अर्धे चुकीचे होते. दारात पेर्पेतुआनं दोघींना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत घेतलं.

हजेरी झाली. आयुष्यात पहिल्यांदा दोघींनी शाळेत आपापल्या नावाला ओ दिली. मागच्या बाकावर पाच मुली होत्या, त्यांनी सरकून दोघींना जागा केली. पेर्पेतुआ फळ्याकडे वळली, तेवढ्यात नाकाटो उठली, पुढं गेली आणि गुडघे टेकून बसली.

"मॅडम, बाबिर्येला तीन द्यायच्या राहिल्यात."

"काय तीन?"

"छड्या. मला तीन बसल्या, तिला एकही नाही. बरोबरी पाहिजे."

त्यात चहाडी नव्हती. मुलगी हिशेबाची गोष्ट बोलावी तसं बोलत होती. तिच्यामागं बाबिर्येही आली आणि तिनं उजवा हात पुढं केला. ओठ घट्ट मिटलेले होते, पण हात मागं घेण्याचा विचार दिसत नव्हता. तिलाही तेच हवं होतं. बहुतेक गेल्या शुक्रवारपासून हवं होतं.

माझा वर्ग पाढे म्हणत होता. मी भिंतीपाशी गेलो.

पेर्पेतुआनं कपाटामागून छडी काढली. मग म्हणाली, "बाबिर्येनं पुस्तक लपवलं, ते तुमचं दोघींचं. तुम्ही घरी भांडा. पण खरं बोलणाऱ्या मुलीला मारलं, ते तिनं नाही केलं. त्या तीन माझ्या आहेत." आणि छडी नाकाटोच्या हातात देऊन तिनं आपला उजवा तळहात पुढं केला.

नाकाटोनं आईचं ऐकावं तसं ऐकलं. पहिली छडी इतकी हळू होती की माशीही उडाली नसती. दुसरीही तशीच.

पेर्पेतुआच्या डोळ्यांत तो ओळखीचा संशय आला. "मी तुला एवढं हळू मारलं होतं?"

"नाही, मॅडम."

"मग आता खोटं का मारतेस? ह्या दोन धरायच्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून."

नाकाटोनं दात आवळले आणि मारलं. तीन. दगड फोडणाऱ्या मुलीचा हात होता तो. माझ्या वर्गातला पाढा मधेच थांबला आणि मी मुलांना पुढं म्हणा म्हणालो नाही. पेर्पेतुआनं हात खाली घेतला नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दुखल्यामुळे आलं असं मी आजही कुणाला सांगत नाही.

"फिटलं?" तिनं विचारलं.

"फिटलं, मॅडम," नाकाटो म्हणाली आणि छडी परत द्यायला वळली.

पण बाबिर्ये जागची हलली नाही. तिनं बहिणीच्या हातातल्या छडीकडे बघितलं, मग बाईंच्या लाल झालेल्या तळहाताकडे, आणि अगदी खऱ्या काळजीनं विचारलं, "मॅडम, तिला तीन मारायला दिल्या. मग मला?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पेर्पेतुआनं भिंतीवरून माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार होतो? मॅडम आपल्यातल्याच होत्या.

तिनं डोळे पुसले आणि डावा हात पुढं केला.